गिटार-बास मेळा, कोल्हापूर : तयारीच्या नोंदी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

मेळ्याचं नक्की झालं. दसऱ्यानंतरचा रविवार, ५ ऑक्टोबर. शाहूपुरीतल्या एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल दिवसभरासाठी मिळाला आहे. ज्याच्याकडे गिटार किंवा बास (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) आहे त्यानं ती घेऊन यायचं आणि हौसेनं मांडायचं. महागडी, स्वस्त, बापाची, स्वतः बनवलेली, सगळी वाद्यं चालतील.

बैठकीत वाद झाला तो दोरी बांधण्यावरून. काहींचं म्हणणं, वाद्यं स्टँडवर लावू, पुढे दोरी बांधू आणि ‘हात लावू नये’ची पाटी लावू. मी ठाम विरोध केला. दोरीपलीकडून माणसाला रंग दिसतो आणि वाद्याच्या डोक्यावरचं कंपनीचं नाव वाचता येतं, एवढंच. टेलीकास्टर आणि लेस पॉल या गिटारी एकमेकींपासून एक-दोन वर्षांच्या अंतरानं बाजारात आल्या, पण दोन्हींची एकेक तार छेडल्याशिवाय त्यांच्यातला फरक कुणाला कळणार? शेवटी ठरलं : प्रत्येक वाद्य मालक स्वतः पाच मिनिटं वाजवून दाखवेल, सगळी गिटार एकाच अँपवर आणि सगळे बास एकाच बास अँपवर. म्हणजे ऐकणाऱ्याला फरक वाद्याचा कळेल, अँपचा नाही.

बासची रांग माझ्याकडे. मी ती मागूनच घेतली. अशा प्रत्येक कार्यक्रमात बास कुठेतरी कोपऱ्यात, केसमध्ये अर्धा झाकलेला असतो. आपल्या गावात तर खालचा आवाज म्हणजे मिरवणुकीत काचा हादरवणारा डॉल्बी, असंच समीकरण होऊन बसलंय. बासच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला ४१ कंपनांचा, तरी त्यात नेमकी सुरावट असते, लय असते आणि गाण्याचा सगळा तोल त्यावर उभा असतो. हे लोकांनी जवळून ऐकावं यासाठी माझी ही सगळी धडपड.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आलेली नावं लिहून काढली. कोलकात्यात बनलेल्या ॲकूस्टिक गिटार बऱ्याच आहेत आणि त्या असायलाच हव्यात. आमच्या पिढीची बोटं त्यांच्यावरच सोलली गेली. एकाचे वडील आखाती देशात नोकरीला होते, त्यांनी ऐंशीच्या दशकात आणलेली जपानी गिटार येणार आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली एक मुलगी तिची सात तारांची गिटार आणतेय, तिचं सगळं वादन मेटल. राजारामपुरीतल्या एक आजी त्यांची हवाईयन गिटार पाठवायला तयार आहेत. मी म्हटलं, पाठवू नका, घेऊन या. ‘बघते,’ म्हणाल्या.

बासमध्ये माझा फ्रेटलेस (मानेवर फ्रेट, म्हणजे सुरांच्या धातूच्या पट्ट्या, नसलेला), उद्यमनगरातल्या एका पॅटर्नमेकरनं स्वतः बनवलेला सागवानी बास, आणि ऑर्केस्ट्रावाल्या काकांचा बास. हा तिसरा वाजत नाही, असं काकांनी आधीच सांगून ठेवलंय.

२४ ऑगस्ट, रविवार

काकांकडे गेलो. पंचाहत्तरी ओलांडली, तरी बोटं अजून तुकतुकीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सांगली, सातारा, बेळगाव, रत्नागिरी असा सगळा पट्टा त्यांनी ऑर्केस्ट्राच्या गाडीतून पालथा घातलाय. राहुलदेव बर्मन यांच्या वादकांतले बासवादक टोनी वाझ हे त्यांचं दैवत. रेकॉर्ड हळू फिरवून त्यांच्या जागा बसवायच्या, चुकलं की सुई मागं न्यायची आणि पुन्हा ऐकायचं, अशी त्यांची शाळा.

म्हणाले, “लोकं गायकाकडं बघायची लेका, पण गायक माझ्याकडं बघायचा.”

बास कपाटावर, जुन्या चादरीत. काळा रंग, पांढरी प्लेट पिवळी पडलेली, डोक्यावरचं नाव पार घासून गेलंय. साचा १९५१ साली लिओ फेंडरनं काढलेल्या प्रिसिजन बासचा, आणि पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा चुंबक-कॉइलचा भाग, १९५७ नंतरच्या पद्धतीचा दोन तुकड्यांतला : खालच्या दोन तारांना एक तुकडा, वरच्या दोन तारांना दुसरा. कंपनी कळत नाही, त्यामुळे कार्डावर नाव न लिहिता फक्त ‘१९८३ साली मुंबईत घेतला’ एवढंच लिहू. हे साल काकांना पक्कं आठवतंय, थोरल्या मुलीचं बारसं त्याच महिन्यात होतं.

मनगट टेकतं तिथे रंग जाऊन आतलं लाकूड उघडं पडलंय. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर तारांनी खाचा पाडल्यात, त्यावरून ऑर्केस्ट्राची बहुतेक गाणी कुठल्या सुरांत असतील ते सांगता येईल. मी रंगाला हात लावणार नाही हे आधीच सांगितलं. काकांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ‘पॉलिश करून आणतो’ म्हणणारे आधी येऊन गेले असावेत.

जॅक लावला, अँप वाढवला, ठार शांतता. अँपची नेहमीची घरघर तेवढी.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती, म्हणून आजच बास उघडला. जॅक ठीक, दोन्ही पॉट (आवाजाची फिरती बटणं) फिरतात, थोडा कचरा आहे तो स्प्रेनं जाईल. दोष पिकअपमध्ये. दोन्ही तुकडे एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाच्या वेढ्यांची बारीक तार तुटली की बासच्या चारही तारा मुक्या. वेगवेगळं मोजलं : एक तुकडा ५.२ किलोओहम, दुसऱ्यावर मीटर काहीच दाखवत नाही.

तुटलेलं टोक बाहेरचं असेल तर एखादा वेढा सोडवून पुन्हा सोल्डर करता येतं. भिंगाखाली पाहिलं तर बाहेरचं टोक शाबूत आहे. म्हणजे आतलं, चुंबकांना चिकटलेलं टोक हिरवं पडून तुटलंय. घामाचं मीठ आणि आपल्याकडचा पावसाळा मिळून हेच करतात. इथे पुन्हा वेढे घालण्याशिवाय इलाज नाही.

नवा पिकअप आठवड्यात घरी येईल आणि बास वाजेलही. पण मला काकांच्याच पिकअपचा आवाज हवा आहे. चुंबक तेच आहेत, दुसरा तुकडा धडधाकट आहे. दुरुस्त होणारी वस्तू फेकायची नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती गेले, गाव पुन्हा कामाला लागलं. सकाळी उद्यमनगर. पंप आणि मोटारींचं रिवायंडिंग करणारी दुकानं तिथे ओळीनं आहेत, पण आपल्याला लागते ती तार त्यांच्याकडे सहसा नसते. एक जण रिले आणि मीटरच्या कॉइल भरतो, त्याच्याकडे मिळाली.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. पिकअपवाले सगळीकडे ‘४२ गेज’ लिहितात, ते अमेरिकन मापाचं. ती तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची. आपल्या बाजारात गेज म्हणजे एसडब्ल्यूजी, ब्रिटिश माप. त्यातली ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटरची, म्हणजे बरीच जाड, ती भरली तर बॉबिनवर निम्मेसुद्धा वेढे बसणार नाहीत. आपल्याकडे मागायची ती ४६ नंबर. किंवा सरळ मिलिमीटरमध्ये मागावी.

कारागिरानं जुनी तार कापून काढली, चुंबकांवर पातळ टेप गुंडाळली आणि मशीनचा काउंटर शून्यावर आणला. अशा पिकअपच्या एका तुकड्यावर दहा हजारांच्या आसपास वेढे असतात. वेढ्यांच्या आकड्यामागे न लागता धडधाकट तुकड्याच्या रोधाशी जुळवायचं ठरलं. तार त्याच्या दोन बोटांच्या चिमटीतून जात होती, मधे फक्त फेल्टचा तुकडा. ताण जरा वाढला की तुटणार, कमी झाला की वेढे सैल बसून पुढे शिट्टी मारणार. डोळे कॉइलवर नव्हतेच त्याचे, तो माझ्याशी गावातल्या रस्त्यांबद्दल बोलत होता आणि ताण मात्र बोटांनी धरलेला. मी हिशेब करून सांगितलं की या अंगठ्याएवढ्या वस्तूवर साडेनऊशे मीटरच्या आसपास तार बसतेय. “म्हंजे हितनं पार स्टँडच्या वाटंला लागली की,” म्हणाला आणि हसला.

५.१ किलोओहम. पुरेसं जवळ आहे.

वेढ्यांची दिशा मुद्दाम तपासून घेतली. दोन तुकड्यांचे चुंबक उलटसुलट असतात आणि वेढेही उलटे. त्यामुळे तारांचा आवाज मिळतो आणि विजेची घरघर एकमेकींना मारते. टोकं अदलाबदल झाली तरी सूर व्यवस्थित येतात, कारण प्रत्येक तार एकाच तुकड्यावरून जाते. फक्त घरघर जात नाही. अशा कितीतरी ‘दुरुस्त’ बासवर माणसं वर्षानुवर्षं अर्थिंगला दोष देत बसतात.

११ सप्टेंबर, गुरुवार

मेणाचं काम. पॅराफिन आणि त्यात थोडं मधमाशीचं मेण, पातेल्यातल्या पाण्यात दुसरं भांडं ठेवून ६५ अंशांच्या आत वितळवलं. थेट गॅसवर मेण कधीही ठेवू नये, पेट घेतं. पिकअप बुडवला की बारीक बुडबुडे येतात, ते थांबले की मेण आतपर्यंत गेलं. यानं वेढे जागचे हलत नाहीत.

रात्री जोडणी केली. पहिला सूर आला आणि घरातल्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. फॅनच्या रेग्युलेटरजवळ नेऊनही घरघर नाही. काकांना फोनवरून खालची ई तार ऐकवली. फोनच्या स्पीकरमधून ४१ कंपनं काही पोचत नाहीत, वरचे सूर तेवढे ऐकू जातात. तरी त्यांनी ओळखला : “हां, हाच.”

१४ सप्टेंबर, रविवार

मिरज. काकांच्या बासचा नट, म्हणजे तारा डोक्याकडे जाताना ज्या खाचांतून जातात तो तुकडा, प्लास्टिकचा आणि तडकलेला. हाडाचा बसवायचा होता. हाड कापणारा आणि घासणारा हात आपल्या भागात मिरजेइतका कुठे सापडणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब सितारमेकरांनी तिथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. घराण्याचा मूळ धंदा शिकलगाराचा, हत्यारांना धार लावण्याचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

ज्या कारागिरांकडे गेलो त्यांनी बासचा नट हातात घेऊन बघितला, कानशीनं हाडाच्या तुकड्याला आकार दिला आणि खाचा मात्र मला मोजून मागितल्या. तारेची जाडी, तारांमधलं अंतर, खाचेचा उतार डोक्याकडे. चहा येईपर्यंत तुकडा तयार.

सोबत माझा फ्रेटलेस नेला होता, मेळ्यात ठेवायचा तोच. त्यांना तो ऐकायचा होता. दुकानात अँप नव्हता, म्हणून मी बासचं शिंग लाकडी बाकाला टेकवून वाजवला. बाकच बोलायला लागलं. ए तारेवर एक लांब सूर धरला आणि बोट किंचित हलवलं. फ्रेटलेसचा तो ओढलेला, नाकातून आल्यासारखा सूर निघाला. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

“जवारी खुली आहे की याची,” म्हणाले.

मी तंबोऱ्याजवळ बसलो आणि त्यांनी घोडीवर बोट ठेवून दाखवलं. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, तिला अगदी हलका बाक असतो. तार कंप पावताना त्या बाकावर लोळत जाते, किंचित घासते, आणि त्या घासण्यातून वरचे स्वर उमलतात. धागा सरकवून ती जागा शोधायची, घोडी घासून बाक बदलायचा, म्हणजे जवारी काढायची. फ्रेटलेसवर अगदी हेच घडतं, फक्त दुसऱ्या टोकाला : बोटाखालून निघालेली तार फ्रेटबोर्डाच्या हलक्या बाकाला घासत जाते. मान अगदी सरळ ओढली की सूर बंद होतो, जास्त सैल सोडली की नुसता मोकळा, कोरा येतो. गेली कित्येक वर्षं मी ट्रस रॉड, म्हणजे मानेतली ताण देणारी सळई, फिरवून जे शोधत होतो त्याची कसबी परंपरा घरापासून तासाभराच्या रेल्वेवर होती. अमेरिकन बासवादक जाको पास्टोरियसनं फ्रेट काढलेल्या आपल्या १९६२ सालच्या फेंडर जॅझ बासच्या लाकडावर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला. त्या कडक पृष्ठभागामुळेच त्याचा सूर इतका लख्ख गातो. मिरजेच्या कारागिरांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच विचारलं, “लाकूड मऊ पडत असणार, तार खात असणार, म्हणून ना?” अगदी म्हणूनच.

ते मेळ्याला येणार आहेत, तंबोरा घेऊन. गिटार-बासच्या मेळ्यात तंबोरा कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर माझ्याकडे आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पॅटर्नमेकरकडे. फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न करणारा माणूस. बीडाचं ओतकाम थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न सुमारे एक टक्का मोठा करावा लागतो, आणि त्याच्या भिंतीवर त्यासाठीची वेगळी, मुळातच मोठी आखलेली पट्टी टांगलेली आहे. अशा माणसानं बास बनवल्यावर तो कसा असेल याची कल्पना मला होती, तरी बघून थक्क झालो.

बॉडी जुन्या सागवानाची, पाडलेल्या घराच्या तुळईतून काढलेली. साग तेलकट असतो, सरस नीट धरत नाही, म्हणून जोड लावण्याआधी थिनरनं पुसून लगेच चिकटवलाय. तुळईचं जुनं खिळ्याचं भोक त्यानं मुद्दाम पुढच्या बाजूला ठेवलंय. वजन जास्त आहे, पट्टा रुंद लागतो. फ्रेटबोर्ड शिसवीचा. तारेची लांबी ८६४ मिलिमीटर, म्हणजे ३४ इंच. पहिला फ्रेट नटपासून ४८.४९ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला प्रत्येक वेळी १७.८१७ नं भागायचं, एवढंच गणित, पण त्यानं प्रत्येक खाच नटपासूनच मोजलीय, आधीच्या खाचेपासून नाही. “मागच्याची चूक पुढं जाती नव्हं भावा,” म्हणाला. वरच्या फ्रेटवर तार आखूड होत जाते, तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथे जास्त बोचते. मी ट्यूनर लावून विसाव्या फ्रेटपर्यंत तपासला. सुरेल.

शिसवीवरून बोलणं लांबलं. ब्राझीलच्या रोझवुडच्या व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आली आणि जगभरचे गिटारवाले आपल्या दक्षिणेकडच्या शिसवीकडे आणखी वळले. २ जानेवारी २०१७ पासून रोझवुडच्या सगळ्या जातींवरच परवान्याचं बंधन आलं. मोठ्या कंपन्यांनी काही वर्षं दुसरी लाकडं लावली. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अमेरिकेत किंवा जपानमध्ये बनलेली गिटार कौतुकानं हातात घेणाऱ्या मुलांना हे सांगायला हवं की बोटांखालचं ते काळपट तपकिरी लाकूड बऱ्याचदा इथूनच गेलंय. कार्डावर लिहितोय.

क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची गोष्टही कार्डावर जाईल. १९६३ साली वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली, मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून, सुरांच्या खुणांना शिंपल्याची बटणं, कंपनाच्या दांडीला विणायच्या सुईचं टोक. त्याच गिटारवर क्वीनची जवळपास सगळी कारकीर्द उभी राहिली. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, म्हणजे आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर. पॅटर्नमेकरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला आवडली ती विणायची सुई.

२१ सप्टेंबर, रविवार

काकांच्या बासचा सेटअप, म्हणजे मानेचा बाक आणि तारांची उंची जुळवणं. हाडाचा नट बसला. पावसाळ्यात मान पुढे वाकली होती : पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधे मोजलं तर पाऊण मिलिमीटर फट. चार तारांचा मिळून पंचाहत्तर किलोच्या आसपास ताण या मानेवर सतत असतो. ट्रस रॉड पाव वेढा घट्ट केला, रात्रभर ठेवला, सकाळी पुन्हा किंचित. आता ०.३५. बाराव्या फ्रेटपासून ई तार २.४, जी तार २ मिलिमीटर उंच.

तारा तशाच ठेवल्या. सपाट गुंडाळीच्या, फ्लॅटवाउंड, कधी बदलल्या ते काकांनाही आठवत नाही. बदलायला त्यांचा सपशेल नकार आणि मी त्यांच्या बाजूनं आहे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांवर बास वाजवणारा जेम्स जेमर्सन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवरच्या तारा तुटेपर्यंत बदलत नसे. जुन्या फ्लॅटवाउंडचा सूर जाड, गोल आणि चटकन विझणारा असतो. ढोलकी आणि गायक यांच्या मधे त्याला बरोबर जागा मिळते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हॉलची पाहणी, इलेक्ट्रिशियनला घेऊन. स्टेजच्या बोर्डाला अर्थ (अर्थिंग) नव्हताच, तीन पिनांचे सॉकेट नुसते शोभेला. गिटारच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. एका हातात तार, ओठ माइकला, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा, तर झटका बसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. खालच्या मीटरपासून स्वतंत्र वायर ओढून घेतली, सगळे अँप आणि माइक एकाच बोर्डावर. याबाबत कुणाचं काही ऐकून घेतलं नाही.

बास अँप कोपऱ्यात ठेवला की आवाज फुगतो, सूर वेगळे ऐकू येत नाहीत. ४१ कंपनांची ध्वनिलहर आठ मीटरहून लांब असते, ती भिंतींत अडकून घुमते. अँप भिंतीपासून पुढे आणला, स्टेजच्या फळ्यांवरून काढून जमिनीवर ठेवला. आता एकेक सूर सुटा ऐकू येतो.

स्टँडना सुती फडकी गुंडाळायची आहेत. जुन्या गिटारींवरचं नायट्रो लॅकर रबराला चिकटून विरघळतं, डाग कायमचा राहतो.

२८ सप्टेंबर, रविवार

कार्डं लिहायला आजींकडे. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारा बोटांनी न दाबता वरून पोलादी कांडी सरकवून वाजवायची. म्हणून तारा फ्रेटपासून बोटभर उंच. १९४० च्या दशकात टाऊ मो हा वादक कुटुंबासह कोलकात्यात राहिला, शिकवत राहिला, आणि तिथून हे वाद्य देशभरच्या घरांत गेलं. नंतर व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांच्या सिनेगीतांच्या तबकड्या रेडिओवर सतत वाजायच्या. आजी दादरला लग्नाआधी, १९६४ मध्ये शिकल्या. सासरी आल्यावर आधी बंद, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा सुरू.

कार्डावर काय लिहू, विचारलं. “लिही, मींड यात सतारीपेक्षा सोपी जाते,” म्हणाल्या. तसंच लिहिलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. घरातल्या हत्यारांबरोबर फ्रेटलेस, सोल्डरिंगची बंदूक आणि फ्रेटची कानस पुजली. काकांचा बास त्यांना नेऊन दिला, कारण आज तो त्यांच्या घरी असायला हवा होता. काकूंनी हळद-कुंकू बॉडीच्या उघड्या लाकडाला न लागता नेमकं डोक्यावर लावलं.

५ ऑक्टोबर, रविवार. मेळा

सकाळी नऊपासून गर्दी. केस उघडल्या की लोक भोवती गोळा, मग मालकाचं बोलणं सुरू, आणि ते थांबवणं कठीण. जपानी गिटारवाल्यानं वडिलांनी विमानतळावर ती कशी कपड्यांत गुंडाळून आणली इथपासून सांगितलं. पाच मिनिटांची मर्यादा कुणीच पाळली नाही. चालतंय.

एकच अँप ठेवल्याचा फायदा पहिल्या तासातच दिसला. जपानी गिटारनंतर लगेच कोलकात्याची जुनी इलेक्ट्रिक वाजली. तिचा पिकअप दुबळा आहे, पण त्या दुबळेपणातच तो किंचित फुटका, गोड आवाज आहे. एका शाळकरी मुलानं तिच्यापुढून हलायचं नाव घेतलं नाही.

सात तारांवरच्या मुलीनं आधी तिचं मेटल वाजवलं, जबरदस्त ताकदीनं. मग आजींनी कांडी ठेवली आणि एक भावगीत घेतलं. दोघी शेजारी बसल्या होत्या. मुलीनं आजींच्या उजव्या हाताकडे बघून विचारलं, नको त्या तारा तुम्ही कशा दाबता? आजींनी तळव्याची कड दाखवली. मेटलवालेही अगदी तिथूनच तारा दाबतात. त्यानंतर बराच वेळ दोघींचं तेच चाललं होतं.

पॅटर्नमेकरच्या बासपुढे उद्यमनगरची मंडळी खाली बसून जोड शोधत होती. सापडला नाही.

मिरजेच्या कारागिरांनी तंबोरा लावला. त्यांनी धागा सरकवून जवारी बंद केली, मग उघडली. लगेच मी फ्रेटलेसवर तोच सूर धरला, मान आधी सरळ, मग पाव वेढा सैल. शंभरेक माणसांच्या हॉलमध्ये दोन्ही वाद्यं एकच गोष्ट सांगत होती आणि लोकांच्या चेहऱ्यावर ते उमटत होतं. पुन्हा करून दाखवा म्हणाले.

काका शेवटी. खुर्ची मागितली नाही, उभं राहून वाजवलं. सोबतीला ढोलकी आणि एक गिटार, गायक नाहीच. आधी लोक कुठलं गाणं आहे ते ओळखायच्या नादात होते. मग ओळख पटली आणि शब्द हॉलनंच धरले. काका दोन ओळींच्या मधल्या जागा भरत होते : एक सूर उशिरा सोडायचा, एक गाळायचा, पुढच्या ओळीच्या आधी खालून वर चढत यायचं. बोट दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवरच्या त्यांच्याच खाचांत बसत होतं. अँप जमिनीवर होता, काच एकही वाजली नाही आणि मागच्या रांगेपर्यंत प्रत्येक सूर पोचत होता.

वाजवून झाल्यावर सात तारांवरची मुलगी पुढे आली. “काका, हा बास मी धरून बघू?” त्यांनी पट्टा तिच्या खांद्यावर स्वतः चढवला. “जोर लावू नको पोरी. तारच करती काम.”

७ ऑक्टोबर, मंगळवार

स्टँड, केबली परत केल्या. हॉलच्या मालकानं अर्थची वायर कायमची राहू दे म्हटलंय, तिचे पैसे तो देणार.

रिवायंडिंगवाल्याकडे आणखी पिकअप नेऊन द्यायचेत : कोलकात्याच्या गिटारचा एक आणि गडहिंग्लजहून आलेल्या बासचे दोन. ४६ नंबरच्या तारेचं रीळ त्याच्याकडे संपत आलंय, नवं मागवायला सांगितलं. मुलगी शनिवारी काकांकडे शिकायला जाणार आहे. तिला खालच्या तारा उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायला लावणार आहेत, दुसरं बोट वर्षभर वापरायचं नाही, असं काकांनी फोनवर मला बजावून सांगितलं. फ्लॅटवाउंडचा एक नवा संच तिच्यासाठी मागवायचा आहे, काकांच्या तारा काढायच्या नाहीत.